महारोग्यांचे बंधू फादर डेमियन

प्रभू येशूचे डोंगरावरील प्रवचन मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या, सहाव्या व सातव्या अध्यायांत आले आहे, हे आमच्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु ते प्रवचन संपताच पहिली गोष्ट कोणती घडली, असे कोणी विचारले तर पुष्कळांस क्षणभर थांबावे लागेल. प्रभू डोंगरावरून खाली उतरतो, लोकांचे थवे त्याच्या मागे असतात, आणि इतक्यात एक कुष्ठरोगी येऊन त्याच्या पाया पडतो. आपणास शुद्ध करण्याचे सामर्थ्य प्रभूच्या ठायी आहे याविषयी त्यास शंका नसते. प्रभूची तशी इच्छा आहे की नाही, एवढेच तो त्याच्यावर सोपवितो. प्रभू हात पुढे करून त्यास स्पर्श करतो, व तो मनुष्य शुद्ध होतो.

या उताऱ्यावर आम्ही अनेक उपदेश ऐकले आहेत, व वाचकांनीही ऐकले असतील. बहुतेक उपदेशांचा भर त्या रोग्याच्या विश्वासावर असतो, आणि तो योग्यच आहे. तथापि ऐकणाऱ्यांपैकी काही जण त्यातून असा निष्कर्ष काढतात की, जो विश्वास ठेवितो तो बरा होतोच. अर्थात जो बरा होत नाही त्याच्या विश्वासात काहीतरी उणे असले पाहिजे. ज्या घरातील आईने आजारी लेकराच्या उशाशी रात्रीच्या रात्री प्रार्थना केली व तरीही ते लेकरू गमावले, त्या घरी हा निष्कर्ष जखमेवरील मिठासारखा लागतो. शुभवर्तमान दुःखितांचे सांत्वन करण्यासाठी आहे. त्याच्या आधारे दुःखितांवर दोषारोप होऊ लागला तर आपल्या समजुतीतच कोठेतरी चूक आहे, असे म्हणावे लागते.

या प्रश्नावर वादविवाद करण्यापेक्षा एका मनुष्याचे चरित्र आपण पाहावे, असे आम्हांस वाटते. या मनुष्याने कुष्ठरोग्यांत सोळा वर्षे काढली, त्यांच्यासाठी प्रार्थना केली, स्वतःस तोच रोग जडल्यावर उपचार करून घेतले, आणि तो बरा न होता त्याच रोगाने मरण पावला. तरीही बरे करण्याच्या कार्यात त्याचा वाटा मोठा आहे, असे जग आज मानते. ते कसे, हे त्याच्या आयुष्याकडे पाहिल्यावरच कळेल.

बालपण व दीक्षा

योसेफ द व्होयस्तर याचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियम देशातील ट्रेमेलो या खेड्यात झाला. हे खेडे लूव्हेन या प्रसिद्ध विद्यापीठाच्या नगरापासून दूर नाही. त्याचे वडील शेतकरी असून धान्याचा व्यापार करीत. घरात मुले पुष्कळ आणि वातावरण भाविक. योसेफाच्या दोन बहिणी धर्मभगिनी झाल्या, व वडील भाऊ ऑगस्त याने संन्यस्त धर्मगुरूचा मार्ग धरिला. निदान योसेफाने तरी आपला व्यापार चालवावा, अशी वडिलांची इच्छा होती, व त्यासाठी त्यास फ्रेंच शिकण्यास दुसऱ्या गावी पाठविलेही होते. मुलगा अंगाने धिप्पाड, कष्टाळू, सुतारकाम व शेतकाम यांत हौसेने हात घालणारा होता. ज्या हातांनी पुढे शेकडो शवपेट्या घडविल्या, त्या हातांची तयारी येथे झाली.

१८५९ मध्ये योसेफ आपल्या भावाच्या मागोमाग येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला. तेथे त्याने डेमियन हे नाव घेतले. कॉस्मस व डेमियन हे प्राचीन काळचे दोघे ख्रिस्ती वैद्य रोग्यांकडून पैसा न घेता औषध देत व अखेरीस त्यांनी विश्वासासाठी प्राण दिला, अशी परंपरा आहे. एका वैद्याचे नाव या तरुणाने धारण केले खरे, परंतु वैद्यकीचे शिक्षण त्यास कधीच मिळाले नाही. फार काय, लॅटिन येत नसल्यामुळे धर्मगुरू होण्याची त्याची पात्रता आहे की नाही, याविषयीही वरिष्ठांस शंका होती. वडील भावाने त्यास लॅटिन शिकविले, आणि त्याच्या चिकाटीने ती शंका दूर केली.

१८६३ मध्ये संघाने काही तरुणांस प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर पाठविण्याचे ठरविले. त्यांत डेमियनच्या भावाची निवड झाली होती. परंतु ऐन वेळी तो तापाने अंथरुणास खिळला. तेव्हा भावाच्या जागी आपणास पाठवावे, अशी विनंती डेमियन याने केली व ती मान्य झाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकास वळसा घालून, सुमारे पाच महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर, १९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलू बंदरात उतरला. त्याच वर्षी २१ मे रोजी तेथील मोठ्या देवळात त्यास धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्या वेळी फादर डेमियन अवघे चोवीस वर्षांचे होते. पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई नावाच्या मोठ्या बेटावर काढली. ज्वालामुखीच्या खडकाळ मुलखात घोड्यावरून व पायी फिरावे, लोकांची भाषा शिकावी, आणि स्वतः लाकडे वाहून लहान लहान देवळे बांधावी, असा त्यांचा क्रम होता.

ताटातुटीचा रोग

हवाई बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध १७७८ मध्ये कॅप्टन कुक याच्या आगमनाने आला. त्यानंतर व्यापाऱ्यांच्या व खलाशांच्या जहाजांबरोबर देवी, गोवर इत्यादी नवे रोग तेथे शिरले. अशा रोगांची सवय नसलेले ते लोक भराभर मृत्युमुखी पडले. १८७२ च्या खानेसुमारीत सर्व बेटांची मिळून लोकसंख्या सुमारे ५७,००० च भरली. त्यात भर पडली कुष्ठरोगाची, ज्यास आपल्याकडे पूर्वी महारोग म्हणत. या रोगास त्या काळी औषध नव्हते. तो कशाने होतो हेही कोणास नक्की माहीत नव्हते.

१८६५ मध्ये राजा पाचवा कामेहामेहा याच्या कारकीर्दीत रोग्यांस वेगळे ठेवण्याचा कायदा झाला. मोलोकाई बेटाच्या उत्तरेस समुद्रात घुसलेला एक सपाट भूभाग आहे. त्याच्या तीन बाजूंस खवळलेला समुद्र, व चौथ्या बाजूस दोन हजार फुटांहून उंच असा सरळसोट कडा. सृष्टीनेच बांधलेल्या या तुरुंगात, कालावाओ येथे, जानेवारी १८६६ मध्ये पहिले रोगी उतरविण्यात आले. १९६९ मध्ये सक्तीचा हा नियम रद्द होईपर्यंत सुमारे ८,००० माणसे तेथे पाठविली गेली. हवाई लोकांनी या रोगास जे नाव दिले त्याचा अर्थ ताटातूट करणारा रोग असा होतो. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको कायमची तोडली जाई. म्हणून त्यांस रोगापेक्षा ही ताटातूट अधिक असह्य वाटे. काही नातेवाईक स्वतः निरोगी असताही आपल्या माणसाची सेवा करण्यासाठी त्या तुरुंगात जात. त्यांस कोकुआ म्हणजे साहाय्यक म्हणत. त्यांची नावे इतिहासाने फारशी जपली नाहीत. परंतु फादर डेमियन यांच्या आधी त्या भूमीवर प्रेमाचा दिवा त्यांनीच लाविला होता, हे विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट आम्ही येथे मुद्दाम नमूद करितो. १८६६ च्या अखेरीस, म्हणजे पहिली तुकडी आली त्याच वर्षी, तेथील पस्तीस प्रॉटेस्टंट रोग्यांनी आपली मंडळी स्थापन केली व तिचे नाव सिलोआमा असे ठेविले. योहानकृत शुभवर्तमानातील शिलोह तळ्यावरून हे नाव घेतले आहे. त्या तळ्यात डोळे धुऊन जन्मांध मनुष्य पाहू लागला. ज्यांस बरे होण्याची कसलीही आशा उरली नव्हती, त्यांनी आपल्या मंडळीस आरोग्य देणाऱ्या पाण्याचे नाव द्यावे, यात किती गहन विश्वास आहे, याचा वाचकांनी विचार करावा.

कालावाओ येथील कार्य

कॅथॉलिक रोग्यांस कायमचा धर्मगुरू नव्हता. मे १८७३ मध्ये बिशप मेग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंपुढे ही अडचण मांडली. कोणासही तेथे जाण्याची आज्ञा करणे त्यांस जड वाटत होते, कारण ती आज्ञा मृत्युदंडासारखीच ठरण्याचा संभव होता. चौघे जण आपण होऊन पुढे आले. प्रत्येकाने पाळीपाळीने काही आठवडे तेथे राहावे असे ठरले, व पहिली पाळी फादर डेमियन यांची आली. १० मे १८७३ रोजी ते कालावाओ येथे उतरले. ती पाळी पुढे कधी संपलीच नाही.

राहण्यास घर नव्हते, म्हणून आरंभीच्या रात्री त्यांनी देवळाजवळील केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. गवताच्या ओलसर झोपड्यांत माणसे दाटीवाटीने पडलेली असत. पिण्यास पुरेसे पाणी नव्हते, मग जखमा धुण्यास कोठून असणार? मेलेल्यांस धड खोल खड्डाही मिळत नसे. घरांतील दुर्गंधी इतकी भयंकर होती की, प्रथम प्रथम त्यांस श्वास घेण्यासाठी मधूनच बाहेर धावावे लागे, आणि त्या वासावर उपाय म्हणून ते चिलीम ओढू लागले.

अशा ठिकाणी आलेल्या धर्मगुरूने प्रथम काय करावे? फादर डेमियन यांनी उपासना चालविलीच, परंतु त्याबरोबर हातोडा व करवतही उचलली. सरकारकडून नळ मिळविले व धडधाकट रोग्यांस बरोबर घेऊन दरीतील झऱ्याचे पाणी वस्तीपर्यंत आणिले. १८७४ मध्ये वादळाने झोपड्या जमीनदोस्त झाल्या, तेव्हा सरकारकडे लाकडांसाठी तगादा लावून जमिनीपासून उंच, लाकडी फळ्यांची, चुना फासलेली घरे उभी केली. देऊळ वाढविले. अनाथ मुलांमुलींसाठी निवारे बांधिले. बाग लाविली, वाद्यवृंद उभारिला. मृतांसाठी शवपेट्या केल्या, कबरी खणल्या, व प्रत्येकास त्याच्या नावाने निरोप दिला. मरणाची वाट पाहण्यापलीकडे ज्यांस काही काम उरले नव्हते, त्यांच्या हाती कुदळ, शिंग व स्तोत्राचे पुस्तक आले. शरीर बरे होण्यापूर्वीही मनुष्य कितीतरी अंशी बरा होऊ शकतो, ही गोष्ट त्या वस्तीत प्रत्यक्ष दिसू लागली.

ते रोग्यांच्या जखमा स्वतः बांधीत. त्यांच्याबरोबर बसून एकाच पात्रातील पोई नावाचे पिठले खात, व आपली चिलीमही त्यांस ओढू देत. आपणास विटाळ मानणारे जग पाहिलेल्या त्या लोकांस हा स्पर्श म्हणजेच मोठा उपदेश होता. वस्तीत योनातान नापेला नावाचे मॉर्मन पंथाचे एक हवाई गृहस्थ आपल्या रुग्ण पत्नीच्या सेवेसाठी येऊन राहिले होते. त्यांची व फादर डेमियन यांची चांगली मैत्री जमली. पंथभेदाच्या भिंती त्या कड्याखाली पुष्कळ ठेंगण्या झाल्या असाव्यात.

तरीही त्यांच्या वाट्यास एकटेपणा कमी आला नाही. संसर्गाच्या भीतीने सरकारने त्यांच्या बाहेर जाण्यावर निर्बंध घातले. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले असता त्यांस खाली उतरू दिले नाही व फादर डेमियन यांस वर चढू दिले नाही. तेव्हा आपल्या लहान होडीत उभे राहून, जहाजावरील सर्व माणसांच्या देखत, मोठ्याने त्यांनी आपल्या पापांची कबुली दिली. ज्या मनुष्याने अशा रीतीने लाज बाजूस ठेविली, त्याच्या नम्रतेविषयी अधिक काय लिहावे!

दोन अक्षरांचा उपदेश

फादर डेमियन यांची प्रवचने वक्तृत्वासाठी प्रसिद्ध नव्हती. परंतु त्यांतील एक शब्द जगाच्या लक्षात राहिला. कालावाओ येथे आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांनी आपल्या भावास कळविले होते की, उपदेश करिताना ते ऐकणाऱ्यांस तुम्ही रोगी असे म्हणत नसत, तर स्वतःस त्यांत धरून आम्ही रोगी असेच म्हणत. त्या वेळी त्यांचे शरीर पूर्णपणे निरोगी होते. आम्ही हा शब्द अवघ्या दोन अक्षरांचा. परंतु तो उच्चारण्यासाठी त्यांस स्वतःचा देश, घर व सुरक्षितता ही सर्व मागे ठेवावी लागली.

अकरा वर्षांनी तो शब्द अक्षरशः खरा झाला. डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी थकल्याभागल्या पायांस शेक द्यावा म्हणून त्यांनी पाय पाण्यात घातला. पाणी कढत होते, कातडी भाजून फोड आले, परंतु त्यांस काहीच जाणवले नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. रोग्यास चटका किंवा जखम कळत नाही, व त्यामुळेच हातपायांची हानी होते. दुसऱ्यांच्या शरीरावर ही खूण त्यांनी अनेकदा पाहिली होती. १८८५ मध्ये वैद्यांनी रोगाचे निदान पक्के केले.

येथे आपला मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. या मनुष्याने विश्वास ठेविला नव्हता काय? त्याने प्रार्थना केली नव्हती काय? असे म्हणण्याचे धाडस कोण करील? बरे, विश्वास आहे म्हणून त्यांनी औषध नाकारिले काय? तेही नाही. १८८६ मध्ये होनोलुलूस जाऊन गोतो नावाच्या जपानी वैद्याच्या पद्धतीने त्यांनी ऊन पाण्याची स्नाने व वनस्पतींची औषधे घेतली, आणि ती आपल्या रोग्यांसही मिळावी म्हणून वस्तीत तशी सोय करण्याचा प्रयत्न केला. १८८८ च्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड नावाचे एक इंग्रज चित्रकार त्यांस भेटावयास आले. ते स्वतः प्रॉटेस्टंट होते. त्यांनी हिंदुस्थानात प्रवास करून येथील कुष्ठरोग्यांची स्थिती पाहिली होती, व अंदमान बेटांत या रोगावर वापरून पाहिलेले गर्जन वृक्षाचे तेल ते बरोबर घेऊन गेले होते. फादर डेमियन यांनी ते तेलही आनंदाने लावून पाहिले. या उपायांनी तात्पुरते बरे वाटले असेल, परंतु रोग हटला नाही.

त्यांच्या प्रार्थनेस उत्तर मात्र मिळाले, व ते अगदी निराळ्या मार्गाने. वर्षानुवर्षे ते साहाय्यक मागत होते. १८८६ मध्ये जोसेफ डटन नावाचे अमेरिकन गृहस्थ आले. हे पूर्वी सैनिक होते. यांनी पुढे चव्वेचाळीस वर्षे त्या वस्तीची सेवा केली. नोव्हेंबर १८८८ मध्ये मदर मारियान कोप या आणखी दोघी धर्मभगिनींसह कालाउपापा येथे आल्या व त्यांनी मुलींचा सांभाळ अंगावर घेतला. आपल्या मागे आपल्या लेकरांचे कसे होईल, ही फादर डेमियन यांची चिंता मिटली. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, पण तो सहन करण्यास पुरेल इतकी कृपा मिळाली. फादर डेमियन यांच्या बाबतीतही तसेच घडले, असे आम्हांस वाटते.

१५ एप्रिल १८८९ रोजी, ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातील सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी देह ठेविला. ज्या झाडाखाली त्यांनी आरंभीच्या रात्री काढल्या, त्याच झाडाखाली त्यांस पुरण्यात आले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियममध्ये नेऊन लूव्हेन येथे ठेवण्यात आले. पुढे १९९५ मध्ये त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष कालावाओ येथील कबरीत परत आणिले गेले. कष्ट करणारा हात ज्यांच्यासाठी झिजला त्यांच्यापाशी परत गेला, हे उचितच झाले.

निंदा व न्याय

मरणानंतर काही महिन्यांतच होनोलुलू येथील डॉ. हाइड नावाच्या एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे पत्र छापून आले. त्यात फादर डेमियन हे असंस्कृत, गलिच्छ व हट्टी होते, एवढेच नव्हे तर त्यांचा रोग दुराचाराचे फळ होता, असा आरोप होता. सुप्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे स्वतः स्कॉटलंडातील प्रॉटेस्टंट घराण्यातले. फादर डेमियन यांच्या मृत्यूनंतर महिन्याभराने ते त्या वस्तीत आठवडाभर राहून आले होते व तेथील लोकांशी बोलले होते. १८९० मध्ये त्यांनी एक खुले पत्र लिहून त्या निंदेचा समाचार घेतला. फादर डेमियन हे हट्टी, उतावळे व अव्यवस्थित होते हे त्यांनी लपविले नाही. परंतु इतर लोक सुखाने घरी बसले असता हा शेतकऱ्याचा मुलगा रोग्यांत जाऊन मेला, ही गोष्ट त्यांनी जगापुढे ठेविली.

आमची मंडळी प्रॉटेस्टंट असल्यामुळे हा प्रसंग आम्हांस विशेष विचार करण्यासारखा वाटतो. निंदा करणारा प्रॉटेस्टंट होता, तसा बचाव करणाराही प्रॉटेस्टंटच होता. आणि लंडन शहरात फादर डेमियन यांच्या कार्यासाठी निधी गोळा करणारे पाळक अँग्लिकन होते. दुसऱ्या पंथाच्या मनुष्यातील चांगुलपणा पाहून ज्याचे मन संकोच न करिता आनंदते, त्याच्याच डोळ्यांस शिलोहाचे पाणी लागले आहे, असे समजावे.

दोन हात, एक कार्य

१८७३ हे वर्ष विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी फादर डेमियन मोलोकाई बेटावर उतरले. त्याच वर्षी नॉर्वे देशातील बर्गेन नगरात आर्मावर हान्सेन या वैद्यास कुष्ठरोगाचे सूक्ष्म जंतू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसले. एकाने रोगाचे कारण शोधिले, दुसऱ्याने रोग्यास जवळ केले. दोघांस एकमेकांच्या कार्याची कल्पना नव्हती. परंतु आज मागे वळून पाहता ही एकाच परमेश्वराच्या दोन हातांची कामे होती, असे आम्हांस म्हणावेसे वाटते.

फादर डेमियन यांच्या मृत्यूने जगाची झोप मोडली. त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडात कुष्ठरोगनिवारणाचा निधी उभारला गेला, व त्यातून १८९० मध्ये हिंदुस्थानातील रोगाची पाहणी करण्यास एक मंडळ येथे आले. त्याच वर्षी मुंबईत माटुंग्याजवळ निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. तेच पुढे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय म्हणून नावारूपास आले. औषधांचा शोधही चालूच राहिला. आपल्या सह्याद्रीत होणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे व त्याच जातीच्या इतर वृक्षांचे तेल दीर्घकाळ या रोगावर वापरात होते. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन वर्गाच्या औषधाचा गुण प्रथम दिसला, व १९४६ पासून ते हवाईतील रोग्यांस मिळू लागले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत पुरस्कारिली. तिने हा रोग पूर्णपणे बरा होतो. ही औषधे आपल्या देशात सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. शंभरांतील सुमारे पंचाण्णव माणसांच्या शरीरात या रोगास तोंड देण्याची शक्ती उपजतच असते, हेही आता ठाऊक झाले आहे.

म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला व त्या जागी स्पर्श कळत नसला, तर तो लाजेने झाकू नये. त्यासाठी प्रार्थना करावीच, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्राची वाटही धरावी. या दोन गोष्टींत विरोध आहे असे जो सांगतो, त्यास फादर डेमियन यांचे चरित्र वाचावयास द्यावे.

११ ऑक्टोबर २००९ रोजी रोमच्या ख्रिस्तमंडळीने त्यांस संत म्हणून जाहीर केले. संतपद देताना त्या मंडळीच्या रीतीप्रमाणे रोगी बरे झाल्याच्या दोन घटना विचारात घेण्यात आल्या. ज्या मनुष्यास आपल्या हयातीत स्वतःचा रोग हटलेला पाहता आला नाही, त्याच्याच नावाशी रोगमुक्तीच्या या घटना जोडल्या जाव्यात, हे विचार करण्यासारखे आहे. त्या घटनांविषयी आमच्या व त्यांच्या मंडळीच्या समजुतीत अंतर असेल; त्याचा वाद येथे नको.

आता डोंगराच्या पायथ्याशी घडलेल्या त्या गोष्टीकडे पुन्हा पाहू. प्रभूने त्या रोग्यास आधी शुद्ध केले व मग स्पर्श केला, असे शास्त्र सांगत नाही. स्पर्श आधी झाला. मोशेच्या नियमाप्रमाणे ज्यास कोणी शिवू नये, त्या मनुष्याच्या अंगावर रोग असतानाच प्रभूचा हात पडला. रोग हटविणे हे परमेश्वराच्या हाती आहे, व तो ते कधी प्रार्थनेच्या क्षणी, कधी वैद्याच्या हातून, कधी साठसत्तर वर्षांनी, तर कधी या जगाच्या पलीकडे करितो. पण स्पर्श करणे त्याने आपल्या हाती दिले आहे. तेवढे करण्यास मोठे ज्ञान लागत नाही, द्रव्य लागत नाही. फादर डेमियन यांनी तेवढेच केले, आणि सोळा वर्षे केले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी वैद्य होतील, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. वर्गातील एखादे मूल आजारामुळे एकटे बाकावर बसलेले दिसेल, शेजारच्या घरी कोणी अंथरुणास खिळलेले असेल. त्याच्या विश्वासाचे माप घेण्यास आपण जाऊ नये. आपण त्याच्याजवळ जाऊन बसावे, आणि आम्ही या शब्दात त्यालाही सामावून घ्यावे.